हत्ती दाखवणारा राजा

वस्तुसंग्रहालयाच्या दालनांत जागोजागी लावलेली 'हात लावू नये' ही सूचना वस्तूंच्या जतनासाठी असते हे खरे असले, तरी तिच्यात ज्ञानाविषयीचे एक गृहीतही दडलेले असते, आणि ते असे की, वस्तूपुढे उभे राहून ती डोळ्यांनी पाहिली म्हणजे तिच्यापासून जे मिळवायचे ते मिळाले. हाताने त्यात भर पडणार नाही, झीज मात्र होईल. हे गृहीत इतके अंगवळणी पडले आहे की दृष्टिहीन माणूस संग्रहालयाच्या दाराशी येतो तेव्हा त्याला येणारी अडचण त्याच्या डोळ्यांची समजली जाते, दालनाच्या मांडणीची समजली जात नाही. गेल्या काही दशकांत हाताने पाहण्याच्या प्रतिकृती, ब्रेलमधील फलक आणि ध्वनिवर्णन, म्हणजे दृश्याचे ऐकण्यासाठी केलेले शब्दरूप, ही साधने अनेक संग्रहालयांनी स्वीकारली, आणि त्याच्या पुढचे पाऊल म्हणून ही साधने दृष्टिहीन व्यक्तींच्या बरोबर बसून घडवावीत असा आग्रह आता धरला जातो. या रीतीला येथे 'सहरचना' म्हटले आहे: ज्यांच्यासाठी एखादी गोष्ट घडवायची, त्यांना ती तयार झाल्यावर अभिप्राय विचारण्याऐवजी पहिल्या आखणीपासूनच्या निर्णयांत सामील करून घेणे. तिचे समर्थन बहुधा न्यायाच्या आणि सौजन्याच्या भाषेत होते, आणि ते योग्यच आहे; परंतु सहरचनेची खरी गरज त्याच्याही आधी, ज्ञानमीमांसेत, म्हणजे माणसाला ज्ञान कशाने आणि कोणत्या अटींवर होते या विचारात आहे. दृष्टिहीनांच्या सहभागावाचून डोळस रचनाकाराला आपण नेमके काय घडवतो आहोत हे कळण्याचा मार्गच नसतो.

या विधानाचा आधार युरोपीय तत्त्वज्ञानातील एका जुन्या प्रश्नात सापडतो. डब्लिनचा विद्वान विल्यम मोलिन्यू याने 1688 मध्ये जॉन लॉकला लिहिलेल्या पत्रात एक कोडे घातले होते, आणि लॉकने आपल्या मानवी आकलनाविषयीच्या ग्रंथाच्या 1694 मधील दुसऱ्या आवृत्तीत त्याची दखल घेतल्यामुळे ते प्रसिद्ध झाले. जन्मांध असलेल्या एखाद्या प्रौढ माणसाला स्पर्शाने घन आणि गोल यांतला फरक ओळखता येतो असे समजावे; त्याला एकाएकी दृष्टी आली आणि त्या दोन वस्तू समोर मेजावर ठेवल्या, तर हात न लावता, केवळ पाहून, घन कोणता आणि गोल कोणता हे त्याला सांगता येईल काय, असा तो प्रश्न होता. मोलिन्यूच्या पत्नीची दृष्टी गेलेली होती, ही गोष्ट या प्रश्नाच्या तात्त्विक चर्चेत क्वचितच लक्षात घेतली जाते. मोलिन्यू आणि लॉक या दोघांचेही उत्तर नकारार्थी होते, कारण स्पर्शाची अमुक संवेदना डोळ्यांना तमुक रूपात दिसते हे अनुभवाशिवाय कळू शकत नाही असे त्यांचे मत होते. बर्कलीने 1709 मध्ये दृष्टीविषयीच्या आपल्या ग्रंथात हेच मत आणखी टोकाला नेऊन दृष्टीचे विषय आणि स्पर्शाचे विषय मुळातच भिन्न आहेत असे प्रतिपादन केले, तर लायबनित्सच्या मते काही अटींवर उत्तर होकारार्थी होते, कारण भूमितीचे नियम दोन्ही इंद्रियांना समान आहेत.

तीनशेहून अधिक वर्षांनी या प्रश्नाचे प्रायोगिक उत्तर मिळाले ते भारतात. जन्मजात मोतीबिंदूमुळे दृष्टीला मुकलेल्या मुलांवर उपचार करणे आणि त्याबरोबर मेंदू पाहायला कसा शिकतो याचा अभ्यास करणे, असा दुहेरी हेतू असलेल्या 'प्रकाश' या प्रकल्पात पवन सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 8 ते 17 वर्षे वयाच्या पाच जणांची शस्त्रक्रियेनंतर लगेच चाचणी घेतली, आणि तिचे निष्कर्ष 2011 मध्ये प्रसिद्ध झाले. हाताने चाचपलेली वस्तू हातानेच पुन्हा ओळखणे त्यांना सहज जमत होते, पाहिलेली वस्तू पाहून ओळखणेही जमत होते, मात्र हाताने चाचपलेली वस्तू केवळ पाहून ओळखण्याची वेळ आली तेव्हा त्यांची उत्तरे अंदाजाच्या फारशी पुढे गेली नाहीत. पुढे काही दिवसांतच, वेगळे शिक्षण न देताही, ही क्षमता वाढू लागल्याचे दिसले. म्हणजे एका इंद्रियाचे ज्ञान दुसऱ्याच्या हाती आपोआप जात नाही, पण दोहोंत पूल बांधला जाऊ शकतो आणि तो अनुभवानेच बांधला जातो.

या प्रश्नाची सारी चर्चा एकाच दिशेने झाली आहे: अंधाला दृष्टी आली तर काय होईल? संग्रहालयाच्या संदर्भात तो उलटा विचारला पाहिजे. ज्याने एखादी मूर्ती आयुष्यभर केवळ डोळ्यांनीच पाहिली आहे, तिच्या शैलीवर, काळावर आणि प्रमाणांवर ज्याचा अधिकार आहे, त्या अभिरक्षकाला, म्हणजे संग्रहाची निगा आणि मांडणी ज्याच्याकडे असते त्या तज्ज्ञाला, ही मूर्ती हाताला काय सांगेल हे विचार करून सांगता येईल काय? अभिरक्षकाला स्पर्शेंद्रिय आहे, परंतु त्याच्या स्पर्शाला दृष्टीची सोबत सुटलेली नाही. मूर्तीवर हात ठेवताच त्याला आधी पाहिलेले आठवते आणि बोटे त्या आठवणीला दुजोरा देत फिरतात. डोळ्यांवर पट्टी बांधून घेतल्याने हा अडसर दूर होतो असे समजणे भाबडेपणाचे आहे. महाभारतात गांधारीने पट्टी बांधली ती पतीच्या जीवनाशी समरस होण्यासाठी, आणि तिच्या व्रताचा मान कमी करण्याचे कारण नाही. पण गांधारी जिथे राहिली तो गमावलेल्या प्रकाशाचा अंधार होता, आणि धृतराष्ट्राने प्रकाश कधी गमावलाच नव्हता. पट्टी बांधून दालनात अर्धा तास चालणारा रचनाकार चाचपडणे, बिचकणे, दिशा चुकणे यांचा अनुभव घेतो आणि त्यालाच अंधत्व समजून परततो. जन्मभर हातांनी, कानांनी आणि पावलांनी जग ओळखणाऱ्या माणसाचे कौशल्य त्याच्या अनुभवात कुठेच येत नाही. अशा प्रयोगातून करुणा वाढेल, ज्ञान वाढेलच असे नाही, आणि करुणेवर उभी राहिलेली रचना बहुधा अपुरी पडते.

ती कुठे अपुरी पडते हे पाहायचे तर हात कसा 'पाहतो' याकडे वळावे लागते. डोळ्याला वस्तू प्रथम सबंध दिसते आणि मग तपशील दिसतात. हाताला तपशील एकामागून एक भेटतात आणि त्यांच्यातून सबंध वस्तू मनात उभी करावी लागते, म्हणून सराव असलेला माणूस आधी दोन्ही तळव्यांनी वस्तूची व्याप्ती घेतो, तिचा माथा आणि तळ शोधतो, आणि नंतरच बोटांच्या टोकांनी बारकाव्यांकडे जातो. याचा सरळ परिणाम असा की दोन्ही हात मोकळे हवेत: ज्या मेजापाशी पांढरी काठी टेकवायला जागा नाही, किंवा जिथे ध्वनिवर्णनाचे यंत्र एका हातात धरून ठेवावे लागते, तिथे उत्तम प्रतिकृतीही निम्मी वाया जाते. बोटाच्या टोकाला सुमारे 2 मिलिमीटर अंतरावरचे दोन बिंदू वेगळे कळतात, आणि ब्रेलच्या एका अक्षरातील टिंबांमधले सुमारे अडीच मिलिमीटरचे अंतर त्या मर्यादेशी जुळणारे आहे. मूर्तीच्या मुकुटावरील नक्षी लहान प्रतिकृतीत हुबेहूब उतरवली की ती या मर्यादेखाली जाते आणि डोळ्याला सुंदर वाटणारा तो भाग बोटाला केवळ खरखरीत लागतो. घारापुरीच्या लेण्यातील त्रिमुखी सदाशिव सुमारे साडेपाच मीटर उंच आहे. त्याचे भव्यपण हाताच्या कवेतील प्रतिकृतीतून कळत नाही, आणि मूळ शिल्पाला हात लावण्याची मुभा मिळाली तरी हात खालच्या भागापर्यंतच पोहोचेल. त्यामुळे सबंध आकारासाठी एक लहान प्रतिकृती आणि भव्यतेसाठी खऱ्या मापातला एखादाच अवयव, ओठ किंवा बोट, अशी जोडणी लागते; परंतु तो अवयव कोणता असावा हे ठरवताना डोळस रचनाकार जे डोळ्यात भरते ते निवडील, हातात भरेल ते निवडीलच याची खात्री नाही.

भारतीय तत्त्वज्ञानात या प्रश्नाची दुसरी बाजू न्यायदर्शनाने मांडली आहे, आणि ती मोलिन्यूच्या चर्चेला पूरक आहे. न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायाच्या आरंभीच आत्मा इंद्रियांहून वेगळा आहे हे सिद्ध करण्यासाठी जो हेतू दिला आहे तो असा की दृष्टी आणि स्पर्श या दोहोंनी एकाच वस्तूचे ग्रहण होते: जी वस्तू पूर्वी डोळ्यांनी पाहिली तिलाच आता स्पर्श करतो आहे, असे माणूस ओळखतो, आणि ही ओळख डोळ्यालाही शक्य नाही, त्वचेलाही शक्य नाही, म्हणून त्या दोहोंच्या पलीकडे कोणी ज्ञाता मानावा लागतो. न्याय आणि वैशेषिक परंपरांनी यापुढे जाऊन गुणांची वाटणीही केली. रूप, म्हणजे रंग, केवळ डोळ्यांनी कळतो. शीत, उष्ण यांसारखा स्पर्श केवळ त्वगिंद्रियाने, म्हणजे त्वचेत सर्वांगभर पसरलेल्या स्पर्शेंद्रियाने कळतो. पण संख्या, परिमाण म्हणजे आकारमान, पृथक्त्व म्हणजे वेगळेपणा, संयोग आणि विभाग हे गुण द्वींद्रियग्राह्य आहेत, म्हणजे दृष्टी आणि स्पर्श या दोन्ही इंद्रियांना ते सारखेच कळतात. त्वचा हेच एकमेव इंद्रिय मानावे, कारण ती सर्वत्र व्यापून आहे, असा पूर्वपक्षही, म्हणजे खंडन करण्यासाठी आधी मांडलेले मतही, न्यायसूत्रांनी चर्चेला घेतले आहे. ते मत अखेर नाकारले गेले असले तरी स्पर्शाला सर्वांत व्यापक इंद्रिय मानण्याइतका गंभीर विचार या परंपरेत झाला होता, हे विसरता येत नाही.

मोलिन्यूचा प्रश्न आणि न्यायदर्शनाचे उत्तर शेजारी ठेवले की सहरचनेची दोन्ही अंगे स्पष्ट होतात. एका इंद्रियाचा अनुभव दुसऱ्याच्या जागी बसून अंदाजाने बांधता येत नाही, म्हणून दृष्टिहीनांचा सहभाग अनिवार्य आहे; आणि दोन्ही इंद्रिये ज्या वस्तूपर्यंत पोहोचतात ती वस्तू एकच आहे, म्हणून त्यांच्यात संवाद शक्य आहे. यातली पहिली गोष्ट सोडली तर डोळसांचे अनुमान उरते, आणि दुसरी सोडली तर दृष्टिहीनांचे जग म्हणजे कोणी परके, अगम्य बेट ठरते, ज्याबद्दल आदराने मौन पाळावे. या दोन्ही चुका संग्रहालयांच्या व्यवहारात होत असतात, आणि दुसरी चूक अधिक सभ्य दिसत असल्यामुळे ती ओळखायला वेळ लागतो.

आंधळ्यांनी चाचपलेल्या हत्तीची गोष्ट, जिच्यावरून 'अंधगजन्याय' हा शब्दप्रयोग रूढ झाला, ती या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखी आहे. बौद्ध परंपरेत ती 'उदान' या पाली ग्रंथात येते, आणि जैन परंपरेत अनेकांतवाद, म्हणजे सत्याला अनेक बाजू असतात हा सिद्धान्त, समजावताना ती सांगितली जाते. 'उदाना'तल्या गोष्टीत श्रावस्तीचा एक राजा आपल्या माणसाला नगरातील सर्व जन्मांधांना गोळा करायला आणि त्यांना हत्ती दाखवायला सांगतो. तो माणूस काहींना डोके, काहींना कान, काहींना सुळा, सोंड, धड, पाय, शेपूट असा एकेकच भाग हाताळू देतो. मग राजा हत्ती कसा आहे हे विचारतो, आणि डोके हाताळणारे घटासारखा, कान हाताळणारे सुपासारखा, पाय हाताळणारे खांबासारखा, शेपूट हाताळणारे मुसळासारखा असे सांगत भांडू लागतात, मारामारीवर येतात, आणि राजा खूश होतो. बुद्धाने ही गोष्ट परस्परांशी वाद घालणाऱ्या तपस्व्यांना उद्देशून सांगितली, त्यामुळे तिचा रोख अंधांवर नाही. तरीही पुढच्या काळात ती अपुऱ्या ज्ञानाची, आणि त्यातून अंधांच्या अपुरेपणाची, खूण होऊन बसली.

या गोष्टीत हातांची चूक शोधू गेल्यास ती सापडत नाही. कान सुपासारखाच असतो आणि पाय खांबासारखाच असतो; घट, सूप, उखळ, मुसळ या उपमा घरकामातल्या वस्तू हातांनी नीट ओळखणाऱ्या माणसांच्या आहेत आणि त्या नेमक्या आहेत. चूक मांडणीची आहे. एकेका गटाला एकच अवयव देण्याचा, हत्तीभोवती फिरू न देण्याचा आणि उत्तर देण्यापूर्वी आपसांत विचारविनिमय करू न देण्याचा निर्णय त्या माणसांनी घेतला नव्हता. तो राजाच्या माणसाने घेतला आणि राजाने त्याचे फळ पाहिले. आधुनिक भाषेत सांगायचे तर राजाने अंधांसाठी एक प्रदर्शन भरवले होते, त्याची आखणी पूर्णपणे डोळसांच्या हाती होती, आणि त्यातून निघालेल्या अपुऱ्या ज्ञानाचे खापर भेट देणाऱ्यांवर फुटले. संग्रहालयाच्या कोपऱ्यात ठेवलेली एकुलती एक प्रतिकृती, तिच्याशेजारी दोन ओळींचा ब्रेल फलक, आणि ते पाहून निघणाऱ्याला 'कसे वाटले?' असे विचारणे, या रचनेत तो राजा अजून जिवंत आहे, मग विचारणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो.

आखणी कोणाच्या हाती असावी याने किती फरक पडतो हे ब्रेल लिपीच्या इतिहासात दिसते. पॅरिसमध्ये अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्हॅलेंतिन आउई याने अंध मुलांची शाळा काढली आणि त्यांच्यासाठी रोमन अक्षरेच कागदावर उठवून पुस्तके छापली. त्याची तळमळ खरी होती, पण अक्षराची कल्पना डोळ्याची होती: डोळ्याला ओळखायला सोप्या असलेल्या वळणदार रेषा बोटाला मंद आणि कष्टाने कळत, आणि विद्यार्थ्यांना ती लिपी स्वतः लिहिता येत नसे. त्याच शाळेचा विद्यार्थी लुई ब्रेल (1809–1852) याने, शार्ल बार्बिये याने तयार केलेल्या बारा टिंबांच्या सांकेतिक लेखनातून वाट काढत, एका बोटाखाली एकदम मावणारी सहा टिंबांची रचना पंधराव्या वर्षाच्या सुमारास सिद्ध केली आणि 1829 मध्ये ती प्रसिद्ध केली. ती अक्षरासारखी दिसत नाही, हाच तिच्यावरचा डोळस शिक्षकांचा मुख्य आक्षेप होता, आणि फ्रान्समध्ये तिला अधिकृत मान्यता मिळाली ती ब्रेलच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. भारतीय भाषांसाठी एकसमान भारती ब्रेल 1951 मध्ये ठरली, आणि आज मराठी वाचणारे दृष्टिहीन वाचक याच परंपरेचे वारस आहेत. आउईची उठावाची अक्षरे हा 'त्यांच्यासाठी' केलेल्या रचनेचा नमुना होता. ब्रेलची टिंबे अक्षराचे रूप टाकून देतात आणि अक्षराचे काम मात्र पुरते करतात, आणि रूप टाकून देण्याचे हे धाडस डोळस माणसाला सुचणे अवघड होते.

स्पर्शावरील बंदी संग्रहालयाच्या स्वभावातच आहे असे मानण्याचेही कारण नाही. 1683 मध्ये उघडलेल्या ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयाला 1710 मध्ये भेट देणारा जर्मन प्रवासी उफेनबाख याने, येथे येणारे लोक प्रत्येक वस्तू हाताळतात अशी तक्रार नोंदवून ठेवली आहे. म्हणजे त्या काळी हाताळणे हा पाहण्याचाच भाग होता, आणि डोळ्याची मक्तेदारी पुढे संग्रहालये सर्वसामान्यांना खुली होत गेली तेव्हा प्रस्थापित झाली. जर्मन विचारवंत हेर्डर याने 1778 मध्ये शिल्पकलेवरील ग्रंथात शिल्प ही स्पर्शाची कला आहे असे प्रतिपादन केले, ते या मक्तेदारीच्या विरोधातच होते. इंग्लंडमधील संडरलँड संग्रहालयात चार्ल्टन डीस या अभिरक्षकाने 1913 पासून अंध मुलांना आणि पुढे प्रौढांना संग्रहातील वस्तू हाताळू दिल्या, हा या क्षेत्रातील आरंभीच्या प्रयत्नांपैकी एक होता.

मराठी वाचकाला स्पर्श आणि दर्शन यांचे नाते परके नाही. पंढरपूरला मुखदर्शन आणि पदस्पर्शदर्शन अशा दोन वेगळ्या रांगा असतात, आणि विठ्ठलाच्या पायांवर डोके टेकवणे हे तिथे दर्शनाचे पूर्ण रूप मानले जाते. पाहणे हा त्याचा दुरून मिळणारा अंश आहे. प्राणप्रतिष्ठेच्या विधीत नेत्रोन्मीलन होते, म्हणजे मूर्तीचे डोळे उघडले जातात, आणि त्यानंतर दर्शन हा भक्ताने देवाला पाहण्याइतकाच देवाने भक्ताला पाहण्याचा व्यवहार ठरतो. त्यामुळे भक्ताच्या डोळ्यांना दिसत नसले तरी दर्शन अपुरे राहत नाही, हा विचार या परंपरेत आधीपासून सामावलेला आहे. त्याच मूर्तीची शतकानुशतकांच्या स्पर्शाने झीज होत गेली आणि तिच्यावर वज्रलेप, म्हणजे झीज भरून काढणारा संरक्षक लेप, अनेकदा द्यावा लागला, ही गोष्टही तितकीच खरी आहे. हातावरचा घाम, क्षार आणि तेलकटपणा धातूला गंजवतो, सच्छिद्र दगडात मुरतो, आणि प्रत्येक स्पर्शाचे नुकसान नगण्य असले तरी ते साचत जाते. संग्रहालयाची जतनाची चिंता म्हणूनच खोटी नाही. परंतु ज्या प्रदेशात स्पर्श कोणी करावा आणि कोणी करू नये यावरून शतकानुशतके माणसांना देवळाबाहेर ठेवले गेले, जिथे काळाराम मंदिरासाठी 1930 मध्ये सत्याग्रह करावा लागला आणि पंढरीचे दार उघडावे म्हणून साने गुरुजींना 1947 मध्ये उपोषण करावे लागले, तिथे स्पर्शाची परवानगी ही निव्वळ तांत्रिक बाब म्हणून हाताळता येणार नाही. जतनासाठी केलेली मनाई आणि अपमानासाठी केलेली मनाई एक नव्हेत, आणि त्यांची सांगड घालणे अन्यायाचे होईल. पण मनाईचे कारण स्पष्ट सांगणे, ते वस्तूगणिक तपासणे आणि ज्याला मनाई होते त्याला त्या तपासणीत स्थान देणे, एवढे तरी या इतिहासाने प्रत्येक संस्थेवर बंधनकारक केले आहे. सह्याद्रीच्या काळ्या बेसाल्टमधले एखादे वीरगळ आणि रंग उडू लागलेले लघुचित्र यांना एकच नियम लावण्याचे कारण सांगता येत नाही.

मूळ वस्तूला हात लावता येत नसेल तिथे प्रतिकृती येते, आणि प्रतिकृती म्हणजे दुय्यम ज्ञान, अशी शंका लगेच उभी राहते. याही बाबतीत देवळांच्या व्यवहारात एक विचार तयार आहे. गाभाऱ्यातील मूळमूर्ती हलत नाही, म्हणून उत्सवमूर्ती बाहेर निघते. आळंदीहून पंढरीला ज्ञानदेव जातात ते पादुकांच्या रूपाने, आणि वाटेवर त्या पादुकांवर माथा ठेवणाऱ्याला आपण नकलेपुढे वाकलो असे वाटत नाही. अर्थात उत्सवमूर्ती मूळमूर्तीची हुबेहूब नक्कल नसते. ती वेगळ्या कामासाठी, वेगळ्या मापात घडवलेली असते, आणि पादुकांत तर चेहराच नसतो. इटलीतील आंकोना येथे 1993 मध्ये स्थापन झालेले आणि 1999 मध्ये राष्ट्रीय संग्रहालयाचा दर्जा मिळालेले ओमेरो स्पर्शसंग्रहालय ही आल्दो ग्रासिनी आणि दानिएला बोत्तेगोनी या दृष्टिहीन दांपत्याची कल्पना. तिथे अभिजात शिल्पांच्या प्रतिकृती आणि इमारतींच्या लहान आवृत्त्या यांच्या जोडीला समकालीन शिल्पकारांच्या मूळ कृतीही हाताळता येतात. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात 2015 मध्ये 'अनुभव' हे स्पर्शदालन निवडक वस्तूंच्या प्रतिकृतींसह सुरू झाले, आणि त्याच वर्षी माद्रिदच्या प्रादो संग्रहालयाने काही प्रसिद्ध चित्रे उठावात आणून स्पर्शासाठी मांडली. तरीही दगडाची मूर्ती प्लास्टिकात आली की तिचा गारवा, तिचे वजन आणि छिन्नीच्या खुणांचा खडबडीतपणा जातो, आणि हाताला आकार तेवढा उरतो. नैयायिकांच्या भाषेत, द्वींद्रियग्राह्य गुण राखले जातात आणि केवळ त्वचेलाच कळणारे, म्हणजे ज्यात हाताचा अधिकार सर्वांत मोठा, तेच गुण टाकून दिले जातात. हे नुकसान डोळ्याच्या लक्षात येत नाही, कारण रंगवलेले प्लास्टिक डोळ्याला दगडासारखे दिसू शकते.

संयुक्त राष्ट्रांच्या 2006 मधील अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारातील तिसाव्या कलमाने सांस्कृतिक जीवनात इतरांच्या बरोबरीने भाग घेण्याचा हक्क मान्य केला आहे, भारताने तो करार 2007 मध्ये स्वीकारला, आणि 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातही संस्कृती आणि मनोरंजन यांना स्थान आहे. या हक्काला जसा उपेक्षेचा धोका आहे तसा एका प्रकारच्या गौरवाचाही आहे, आणि तो आपल्या परंपरेत अधिक संभवतो. धृतराष्ट्राला महाभारतात प्रज्ञाचक्षू म्हटले आहे, आणि विदर्भातील गुलाबराव महाराज (1881–1915) यांना मराठी समाजाने तेच विशेषण मोठ्या आदराने दिले. अगदी तान्हेपणी दृष्टी गेलेल्या या तत्त्वज्ञाने जी प्रचंड ग्रंथरचना केली आणि मधुराद्वैत नावाचा स्वतंत्र विचार मांडला, ती त्यांच्या व्यासंगाची, स्मरणशक्तीची आणि त्यांना वाचून दाखवणाऱ्या, त्यांचे बोलणे लिहून घेणाऱ्या माणसांच्या सहवासाची फलश्रुती होती. 'आतला डोळा' असे म्हणून या साऱ्याचे श्रेय एका गूढ देणगीला दिले की त्यामागचे कष्ट आणि सहकार्य दिसेनासे होते, आणि त्याबरोबर सर्वसामान्य दृष्टिहीन वाचकासाठी पुस्तके, वाचक आणि लेखनिक पुरवण्याची समाजाची जबाबदारीही दिसेनाशी होते. संग्रहालयात येणाऱ्या दृष्टिहीन व्यक्तीला दिव्यदृष्टी असण्याची गरज नाही. तिला टेकायला खुर्ची, पुरेसा वेळ, दोन्ही हातांना मोकळीक आणि नेमकी माहिती लागते.

सहरचनेत काम करणाऱ्यांना लवकरच कळते की दृष्टिहीन व्यक्ती हा एकजिनसी समूह नाही. जन्मांध, पुढे दृष्टी गेलेले आणि अंशदृष्टी, म्हणजे काही प्रमाणात दिसणारे, यांच्या गरजा वेगळ्या असतात. अनेकांना ब्रेल येत नाही, आणि अंशदृष्टीच्या माणसाला प्रतिकृतीपेक्षा फलकावरील मोठी ठळक अक्षरे आणि काचेवर परावर्तन न होणारा प्रकाश अधिक उपयोगी पडतो. टोरांटोतील मानसशास्त्रज्ञ जॉन केनेडी यांनी दाखवून दिले आहे की जन्मांध व्यक्तींनाही उठावाच्या रेषांतून काढलेली चित्रे बऱ्याच अंशी ओळखता येतात, त्यामुळे चित्र हा केवळ डोळ्याचा प्रांत आहे असे म्हणता येत नाही. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणीचा विचार केला तर प्रश्न किती गुंतागुंतीचा आहे हे कळते. ते भित्तिचित्र सपाट आहे, त्याला हात लावून काहीही कळणार नाही आणि त्याची हानी मात्र होईल. उठावात आणायचे तर कमळ धरलेली बोटे, झुकलेली मान आणि मागची गर्दी यांपैकी काय उचलायचे आणि काय गाळायचे हे ठरवावे लागते, कारण सगळेच उचलले तर हाताला केवळ गोंधळ लागतो. एखादी जन्मांध अभ्यासक म्हणू शकते की मानेची कलती ढब तिला उठावातून कळत नाही, पण तीच ढब स्वतःच्या शरीराने धरून उभे राहिले की कळते, म्हणून प्रतिकृतीशेजारी तशी उभे राहण्याची सूचना हवी. चाळिशीत दृष्टी गेलेला एखादा म्हणू शकतो की त्याला उठावापेक्षा रंगांचे सविस्तर वर्णन हवे, कारण ते निळे कमळ त्याला अजून आठवते. रंग डोळ्यालाच कळतो असे म्हणणारे नैयायिक शब्दालाही प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे स्वतंत्र साधन, मानत होते, आणि जाणकाराच्या शब्दातून मिळणारे रंगाचे ज्ञान जन्मांध अभ्यासकेलाही नाकारता येत नाही. या दोघांच्या मागण्या एकाच प्रतिकृतीत बसणार नाहीत, त्यामुळे काय आधी घडवायचे याचा निर्णय त्यांना आणि अभिरक्षकाला एकत्र बसून, नमुना अजून ओल्या मातीचा असताना, बोटाने दाबून बदलता येत असताना घ्यावा लागेल.